पुण्यात ॲक्सोलॉटल पाळायचा? आधी माठाकडे बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. आठवीतल्या लेकीला वाढदिवसाला ॲक्सोलॉटल, म्हणजे मेक्सिकोतला पाण्यात राहणारा एक उभयचर प्राणी, हवाय. घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, खोली पश्चिमेची. दुकानदार म्हणतो, दोन फुटी टाकी पुरते, उन्हाळ्यात रोज बर्फाची बाटली सोडा, बाकी सगळं माशासारखंच. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हा प्राणी निसर्गात संपत आलाय म्हणतात, तर घरी पाळून, पिल्लं काढून आपण त्याच्या संवर्धनाला हातभार लावतो का?

हे खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत, पण दुकानात ते एकाच पिशवीत घालून देतात. पहिल्याचं उत्तर 'जमेल, पण पाणी थंड ठेवता आलं तरच' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते का, हे सांगायला जरा लांबून यावं लागेल. मी पुण्यातच अकरा वर्षं ॲक्सोलॉटल पाळतोय, त्याआधी मासे होते. पशुवैद्य नाही. काय चुकलं की काय होतं, हे मात्र स्वतःच्या टाकीत बघून झालंय.

मूळ मुद्दा तापमानाचा. ॲक्सोलॉटल जातीने सॅलमँडर, म्हणजे बेडकाच्या नात्यातला उभयचर. फरक इतकाच की हा मोठा होऊनही पाण्याबाहेर येत नाही. डोक्यामागचे पिसांसारखे कल्ले आयुष्यभर तसेच राहतात आणि त्याच बालरूपात तो अंडी घालतो. त्याचं घर म्हणजे मेक्सिको सिटीच्या दक्षिणेचे सोचिमिल्कोचे कालवे. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी सहाशे मीटर चढलात की जी हवा लागेल, त्या उंचीवरचा हा प्राणी. त्याला १६ ते १८ अंश पाणी मानवतं, २० पर्यंत तक्रार नसते. २४ च्या वर दिवसामागून दिवस गेले की आजार दार ठोठावतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्याच वेळी प्राण्याच्या शरीराला तो जास्त लागतो, आणि बुरशीला नेमकी तीच ऊब हवी असते. तिन्ही गोष्टी एकदमच घडतात.

आता पुण्याकडे या. मार्चपासून पश्चिमेच्या खोलीत ठेवलेली टाकी दुपारी २८-३० अंशांवर सहज जाते. यावर लोक पहिला उपाय करतात तो पंखा. टाकीच्या तोंडावर छोटे पंखे लावायचे, पाणी उडून जातं आणि मागे राहिलेलं गार होतं. हा उपाय खरा आहे, पण तो कधी चालतो आणि कधी नाही, हे कुठलाच दुकानदार सांगत नाही. म्हणून शीर्षकात माठ आणलाय. माठातलं पाणी मे महिन्यात कसं दाताला लागेल इतकं गार असतं? आणि तोच माठ श्रावणात का रुसतो? कारण माठ हवेच्या कोरडेपणावर चालतो. पुण्यात मेमधल्या दुपारी हवा ३८ अंश असली तरी इतकी कोरडी असते की पंख्याने पाणी २४-२५ पर्यंत खाली ओढता येतं. जुलैत हवा २७ वर असते, सगळ्यांना बरं वाटतं, पण ती दमट असते. त्या दिवसांत पंखा रात्रंदिवस फिरला तरी पाणी २५ च्या खाली यायला तयार नसतं. गंमत बघा, सगळे उन्हाळ्याला घाबरतात, आणि माझ्या वहीत सगळ्यात जास्त आजारपणाच्या नोंदी आहेत त्या जुलै-ऑगस्टच्या. मेमध्ये आपण जागे असतो. पावसाळा आला की निर्धास्त होतो, आणि पाणी दोन महिने गुपचूप २५-२६ वर बसून राहतं.

मुंबई, ठाणे, पणजी, रत्नागिरीकरांनी तर पंख्याचा विचारच सोडावा. तिथे माठ बाराही महिने अर्धाच चालतो.

बर्फाच्या बाटलीबद्दल. मीही हे केलंय, म्हणून ठामपणे सांगतो की रोजचा उपाय म्हणून हे करू नका. पहिल्या वर्षी दुपारी दोनला एक लिटरची गोठवलेली बाटली सोडायचो आणि दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर वाचून वहीत लिहायचो. पाणी २७ वरून तासाभरात झरकन खाली यायचं, संध्याकाळी सहापर्यंत परत २६. असे रोज दोन हेलकावे. प्राण्याला सतत २३ परवडेल, पण असा झोपाळा परवडत नाही. शेपटीचं टोक हुकासारखं वळायला लागलं की समजायचं, तो त्रासात आहे. बाटली ठेवायची ती वीज गेल्यावरच्या आणीबाणीसाठी. फ्रीजरमध्ये दोन बाटल्या कायम असू द्या, आणि वापरायची वेळ आली तर अर्धी अर्धी, हळूहळू.

त्या आणीबाणीचा किस्सा सांगून टाकतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तीच. दुसऱ्या वर्षीचा मे. मावसभावाचं लग्न सांगलीला, दोन रात्रींचा मुक्काम. पंखे चालू ठेवून, भरपेट खायला घालून निघालो. पहिल्याच दुपारी आमच्या भागात वीज गेली, ती रात्री आली, पण पंख्यांचा अडॅप्टर परत सुरूच झाला नाही. परत आलो तेव्हा टाकी २९ वर. भरपेट घातलेलं अन्न माझ्या मोठ्या मादीने अर्धवट ओकलेलं, ते सडून पाणी दुधाळ झालेलं. चार वर्षांची ती मादी पृष्ठभागावर तिरकी तरंगत होती. कल्ल्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी. थंड पाण्याच्या वेगळ्या टबात हलवली, पाचव्या दिवशी गेली. वीज कोणाच्याही हातात नसते, पण निघताना 'उपाशी राहू नये' म्हणून घातलेलं खाणं आणि किल्ली शेजाऱ्यांकडे न देणं, हे दोन्ही माझंच. मोठा ॲक्सोलॉटल आठवडाभर उपाशी आरामात राहतो. गावाला जाताना त्याला खायला घालायचं नसतं, हे मला ती गेल्यावर कळलं.

म्हणजे खात्रीचा मार्ग एकच, चिलर. पाणी यंत्रातून फिरून ठरवलेल्या तापमानावर राहतं. साधारण शंभर लिटरच्या टाकीला एक दशांश अश्वशक्तीचा पुरतो, पण खोली किती तापते यावर ते अवलंबून आहे, तेव्हा डोळे झाकून तो मापदंड धरू नका. किंमत ऐकून बसायला खुर्ची लागेल. प्राण्यापेक्षा चिलर कित्येक पटीने महाग, हे आधीच घरात सांगून टाका. दोन गोष्टी चिलर विकणारा सांगत नाही. एक, तो टाकीतली उष्णता खोलीत ओततो. बंद खोलीत ठेवलात तर खोली तापते, खोलीमुळे टाकी तापते, आणि यंत्र दिवसभर धापा टाकतं. दोन, पावसाळ्यात टाकीला घाम फुटतो. आतलं पाणी १७ वर आणि बाहेर पुण्याची ओलसर हवा, मग काचेवरून पाण्याचे ओघळ येतात, अगदी बर्फ घातलेल्या उसाच्या रसाच्या पेल्यासारखे. माझं प्लायवूडचं टेबल एका पावसाळ्यात पापडासारखं फुगलं. तेव्हापासून तीन बाजूंना आणि तळाशी थर्माकोलची शीट लावतो. घाम थांबतो, आणि चिलरही कमी चालतो.

टाकीचं माप: दोन फुटी टाकी पुरते, हे पिल्लासाठी खरं आहे. पण हातभर नाही तरी वीतभराहून मोठा, पंचवीस-तीस सेंटीमीटरचा होणारा प्राणी आहे हा. एका मोठ्यासाठी तीन फूट लांबीची घ्या. उंची नाही, लांबी-रुंदी बघा, कारण हा तळावर चालणारा प्राणी. फिल्टर हवाच, पण प्रवाह मवाळ. कल्ले सतत पुढच्या बाजूला वळलेले दिसले तर समजा पाण्याचा मारा त्याला सोसत नाहीये. तळाला रंगीत खडे अजिबात नकोत. तो तोंड उघडून पाण्यासकट अन्न आत ओढतो, खडाही त्याबरोबर जातो. माझ्याकडे एका दुकानातून आलेलं पिल्लू निळ्या खड्यांवरच ठेवलेलं होतं. घरी आल्यावर दहाव्या दिवशी त्याने एक निळा खडा टाकला. नशीबवान होतं, बरीच अशी खडा अडकूनच मरतात. नुसती काच ठेवा, किंवा अगदी बारीक वाळू.

पाण्याचं म्हणाल तर नळाचं पाणी क्लोरीन काढूनच. ॲक्वेरियमवाल्यांकडे 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळतं ते थेंब घाला. बोअरचं पाणी असेल तर आधी तपासून घ्या. आपल्या बेसाल्टातलं ते बहुतेक जड असतं. थोडं जड पाणी याला उलट मानवतं, पण त्यात आणखी काय आहे ते कळलं पाहिजे.

आता तुमच्या प्रश्नात जे नव्हतंच, पण ज्याने सगळ्यात जास्त ॲक्सोलॉटल मरतात, ते. शनिवारी टाकी आणली, रविवारी प्राणी सोडला. असं करू नका. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी म्हणजे न लागलेलं दही. विरजण म्हणून कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीच्या फिल्टरमधला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. तो कुठल्या टाकीतला आहे ते मात्र नीट माहीत असू द्या, विरजणाबरोबर रोगही येतो. चाचणी किट विकत घ्या. त्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडं, असं सलग आठवडाभर दिसलं की प्राणी आणा. लेकीचा वाढदिवस त्याआधी येत असेल तर वाढदिवसाला रिकामी टाकी आणि किट द्या. मी थट्टा करत नाही. माझ्या भाचीला मी तेच दिलं होतं. रोज संध्याकाळी परीक्षानळीत थेंब टाकून रंग बघणं तिला प्राण्याइतकंच आवडलं, आणि हो, महिनाभराने तिचा उत्साह टिकलाय की नाही हेही घरच्यांना कळलं. हा प्राणी दहा-पंधरा वर्षं जगतो. आठवीतली मुलगी तोवर शिकून, नोकरीला लागून कुठल्या शहरात असेल, ते आजच बोलून घ्या. बहुतेक टाकी शेवटी तुमच्याकडेच राहणार.

खाणं सोपं आहे. गांडूळ हे त्याचं पूर्णान्न. पण गांडूळखतातली लाल गांडुळं बरेच जण नाकारतात. ती कडवट द्रव सोडतात. तोंडात घेतं, मान झटकतं, थुंकतं, आणि तुमच्याकडे असं बघतं की आपणच ओशाळतो. पावसाळ्यात बागेत निघणारी मोठी गांडुळं चालतात, फक्त तिथे फवारणी होत नाही ना ते विचारा. नाहीतर गोठवलेले ब्लडवर्म (डासासारख्या माशीच्या लाल अळ्या), बुडणाऱ्या गोळ्या. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी एकदा. दोन पिल्लं एकत्र ठेवू नका, एकमेकांचे पाय खातात. पाय परत उगवतो हे खरं, आणि त्याच गुणामुळे जगभरच्या प्रयोगशाळा याच्या मागे आहेत, पण म्हणून रोज तोडू द्यायचा नसतो. आणि माशांची औषधं याला परस्पर देऊ नका. याची कातडी पाण्यातलं सगळं शोषते, तांब्याचं औषध तर जीवच घेतं.

कायदा. इथे बरेच जण 'परदेशी प्राणी, काही लागत नाही' असं लिहितात, ते आता जुनं झालं. ॲक्सोलॉटल 'साइटीस' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९७५ पासून आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तिने या करारातल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आणली. २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी ताब्यात आला की पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. म्हणून दुकानदाराकडे त्याच्या नोंदणीचे कागद मागा. 'त्याची गरज नाही' असं म्हणाला तर दुकान बदला. मुदत आणि अर्जाचे तपशील वनविभागाच्या वन्यजीव कार्यालयात विचारून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आता दुसरा प्रश्न, संवर्धनाचा.

तुमच्या दुकानातला तो गुलाबी-पांढरा, काळ्या डोळ्यांचा ॲक्सोलॉटल मेक्सिकोतून आलेला नाही. त्याचे पूर्वज १८६४ साली आले. फ्रेंच मोहिमेने त्या वर्षी ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला पाठवले, त्यात एक पांढरा नर होता. त्यांतले सहा ओग्युस्त द्यूमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाला मिळाले आणि त्याच्या टाक्यांत त्यांनी अंडी घातली. पुढची दीडशे वर्षं युरोप-अमेरिकेच्या प्रयोगशाळांतून जी वंशावळ पसरली तिचं मूळ या मूठभर प्राण्यांत आहे. मध्येच, १९६२ साली, अमेरिकेत टायगर सॅलमँडर या दुसऱ्याच जातीशी संकर करून सूरजमुखी, म्हणजे अल्बिनो, रंग आणला गेला. त्या संकराचा वारसा आजच्या बंदिस्त ॲक्सोलॉटलांत शिल्लक आहे. थोडक्यात, आपल्या घरातला प्राणी हा सोचिमिल्कोच्या रानटी प्राण्याचा शहरात वाढलेला दूरचा चुलत आहे.

आणि त्या रानटी प्राण्याचं काय झालं? १९९८ साली सोचिमिल्कोत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल मोजले गेले होते. २००८ साली १००. २०१४ च्या मोजणीत ३६. ते पाळणाऱ्यांनी उचलून नेले म्हणून संपले नाहीत. तिथे कार्प आणि टिलापिया हे मासे माणसांच्या पोटासाठी सोडले गेले, आणि ते अंडी आणि पिल्लं खातात. शहराचं सांडपाणी आलं. चाल्को नावाचं त्याचं दुसरं सरोवर तर आटवूनच टाकलं. चिनाम्पा, म्हणजे कालव्यातला गाळ उपसून, थर रचून केलेली ती तरंगती वाटणारी शेतं, ओस पडली किंवा त्यांची फुटबॉलची मैदानं झाली.

म्हणजे अडचण प्राणी कमी असण्याची नाही. प्राणी तर जगभर लाखांनी आहेत, एक मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. अडचण पाण्याची आहे. तुम्ही पुण्यात पाचशे पिल्लं काढलीत म्हणून सोचिमिल्कोतला एक टिलापिया कमी होत नाही. उलट पाचशे पिल्लं तुमच्या गळ्यात पडतात. मी एकदा हौसेने सगळी अंडी उबवली, रोज दोन वेळा आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची पिल्लं उबवून त्यांना भरवत बसलो, शेवटी दीडशे प्राण्यांसाठी घरं शोधत फिरलो, आणि त्यांतली किती घरं थंड पाण्याची होती हे आठवलं की अजून बरं वाटत नाही. आता अंडी दिसली की चोवीस तासांत गोठवतो.

तिथे खरं काम कोण करतंय ते बघा. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातले लुइस झांब्रानो आणि त्यांचे सहकारी चिनाम्पाच्या शेतकऱ्यांबरोबर कालव्यांची तोंडं जाळ्या आणि झाडांच्या गाळण्यांनी बंद करतात. मासे बाहेर राहतात, आतलं पाणी निवळतं, शेतकरी कीटकनाशकं सोडतो. आधी घर नीट करायचं, मग पाहुणा. २०२५ साली त्यांच्या गटाने एक निकाल छापला: बंदिस्त जन्मलेले १८ ॲक्सोलॉटल दोन ठिकाणच्या सुधारलेल्या पाणथळीत सोडले, ते शिकार करून जगले, परत पकडलेल्यांचं वजन वाढलेलं होतं. पण ते प्राणी कुणाच्या दिवाणखान्यातले नव्हते. कुठल्या आईबापांचे, रोगमुक्त आहेत का, याची नोंद असलेले होते.

बंदिस्त प्रजनन वाईट असतं, असं माझं म्हणणं नाही. मेक्सिकोतच पात्झकुआरो सरोवराचा 'अचोके' नावाचा याचा भाऊबंद आहे. तिथल्या डॉमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणी तो मठात वाढवतात, खोकल्याचं काढ्यासारखं औषध करण्यासाठी. सरोवरातला अचोके संपत चालला आणि मठातल्या टाक्यांत तो टिकून राहिला, त्याच सरोवराच्या वंशाचा. म्हणून तिथे इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयासारख्या संस्थाही त्यांच्याबरोबर काम करतात. फरक कुठे पडतो ते दिसलं ना? वंश ठाऊक आहे, आणि परत जायला एक ठरलेलं पाणी आहे.

पाळण्याच्या छंदाने सॅलमँडरचं नुकसान कसं होतं, हेही सांगायला हवं, आपल्या गटात ते कोणी बोलत नाही. नेदरलँड्सच्या दक्षिणेला बुंडरबॉस नावाचं छोटं रान आहे. तिथले काळे-पिवळे अग्नी-सॅलमँडर २०१० च्या सुमारास पटापट मरायला लागले आणि काही वर्षांत जवळजवळ नाहीसे झाले. २०१३ साली कारण सापडलं, एक नवी काइट्रिड बुरशी. तिच्या नावाचा अर्थच 'सॅलमँडर खाणारी'. ती मूळची आशियातली, आणि पाळीव न्यूटांच्या (न्यूट हा सॅलमँडरचाच एक प्रकार) व्यापारातून युरोपात पोचली असं संशोधकांचं म्हणणं आहे. अमेरिकेने तर २०१६ साली सॅलमँडरच्या २० प्रजातिगटांची आयातच बंद केली. आपल्याकडे सह्याद्रीत एकही सॅलमँडर नाही हे खरं, पण बेडूक आणि देवगांडुळं (बिनपायांचे उभयचर) आहेत, आंबोलीचा तो भेक, म्हणजे टोड, तर आंबोलीच्या आसपासच सापडतो, जगात दुसरीकडे नाही. म्हणून टाकीचं पाणी नाल्यात, ओढ्यात, सिंहगडाच्या वाटेवरच्या तळ्यात कधी ओतू नका. संडासात ओता. आणि कंटाळा आला म्हणून प्राणी 'निसर्गात' सोडू नका. पुण्यात तो उन्हाने मरेल, पण मरायच्या आधी काय मागे सोडून जाईल ते सांगता येत नाही.

खाली एकाने विचारलंय, मग आपल्या देशातला दार्जिलिंगचा न्यूट का पाळू नये, तो तर स्वदेशी. तोच तर अजिबात नाही. हिमालयी न्यूट वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि त्याचा सगळा वंश २०१९ पासून साइटीसच्या यादीतही आहे. पकडणं, विकणं, पाळणं, सगळा गुन्हा. कोणी पोस्टाने पाठवतो म्हणाला तर त्याचा नंबर वनखात्याला द्या. मी तो बघितलाय, दार्जिलिंगकडे, पावसाळ्याच्या तोंडाला. गढूळ डबक्याच्या कडेला आधी काहीच दिसत नाही. मग ओल्या मातीचाच एक तुकडा सावकाश पाय उचलतो. तपकिरी अंग, पाठीच्या दोन्ही कडांना फोडांसारख्या गाठींची ओळ. थंडीत तो जमिनीवर दगड-पाल्याखाली पडून असतो, पाऊस लागला की अंडी घालायला पाण्याकडे येतो. म्हणजे त्याला नुसतं तळं पुरत नाही, तळ्याभोवतीचं गवत, पालापाचोळा, ओल, सगळं लागतं. काठाला सिमेंटची भिंत आणि फरसबंदी केली की तळं सुंदर दिसतं आणि न्यूटाची वाट बंद होते. त्याच्यासाठी जोरपोखरी इथे छोटंसं अभयारण्य आहे, आणि दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिउद्यानात त्याचं प्रजनन केलं जातं. सुट्टीत जाणार असाल तर लेकीला तिथे नक्की न्या.

तर तुमच्यापुरतं: संवर्धन म्हणून घेऊ नका, पाळीव प्राणी म्हणून घ्यायचा असेल तर घ्या, एकच घ्या, चिलरसकट घ्या. मेक्सिकोच्या कामाला मदत करायची असेल तर त्याच विद्यापीठाची 'ॲक्सोलॉटल दत्तक घ्या' अशी देणगी मोहीम आहे. तिच्यात प्राणी घरी येत नाही, पैसे चिनाम्पाला जातात. माझ्या मते अंड्यांच्या दीडशे पिल्लांपेक्षा ते बरं.

आणि पैसे खर्च करण्याआधी एक करा. ज्या जागी टाकी ठेवायची आहे तिथे वीस लिटरची पाण्याची बादली ठेवा, त्यात साधा थर्मामीटर. पहाटे पाचला आणि दुपारी चारला आकडा वाचायचा, लेकीनेच, आणि वहीत लिहायचा. पंधरा दिवस नुसती बादली, पंधरा दिवस वर पंखा लावून. पश्चिमेच्या खोलीऐवजी घरात उत्तरेची एखादी भिंत असेल तर तिथेही दुसरी बादली ठेवून बघा, तीन-चार अंशांचा फरक निघाला तरी मला नवल वाटणार नाही. महिन्याने ते आकडे इथेच टाका, चिलर कोणत्या मापाचा लागेल ते त्यावरून सांगतो.